कस्टम बाईक घरी बनवताय? ग्राइंडर सगळ्यात शेवटी घ्या

(ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.)

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. घरी जुनी स्प्लेंडर किंवा आरएक्स १०० पडून आहे, तिची कॅफे रेसर करायचीय, तर टूल्स कुठले घेऊ? आणि गंमत म्हणजे विचारणारे यादी स्वतःच देतात. एक नंबरला ग्राइंडर, दोन नंबरला वेल्डिंग मशीन.

कारण उघड आहे. रीलमध्ये तेच दिसतं. ठिणग्या उडतात, मागची शेपटी कापली जाते, पुढच्या सेकंदाला गाडी चकाचक तयार. मधले तीन महिने कोणी दाखवत नाही. त्या तीन महिन्यांत माणूस तीनच कामं करत असतो: खोलणं, मोजणं आणि परत घट्ट करणं. पैसे आधी त्या तीन कामांवर घाला.

खोलण्यापासून सुरू करू. जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या वाटीला, आरएक्ससारख्या गाडीत इंजिनच्या कव्हरलासुद्धा, प्लसच्या खाचेचे स्क्रू असतात. ते दिसतात नेहमीच्या फिलिप्ससारखे, पण ते जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, तीच त्याची ओळख. घरातला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही. जोर लावला की टोक वर सरकतं आणि खाच गोल होते. खाच गेली की ड्रिल आलं, आटे जायची भीती आली, लेथवाला आला. एक जेआयएस स्क्रूड्रायव्हर आणि एक हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्यावर हे सगळं टळतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर मागून ठोकला की स्क्रू खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. टोक सटकायला वावच मिळत नाही.

आता पाने. शंभर पिसांची चमकदार पेटी घ्यायचा मोह होतो. नका घेऊ. जपानी घडणीच्या गाडीला ८, १०, १२, १४, १७, १९ एवढी मापं लागतात, तीच चांगल्या कंपनीची घ्या. तापडियासारखं नाव कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, कारखाना आपल्या नाशिकचाच. गोटी घेताना आतून सहा कोनांची बघा. बारा कोनांची पटकन बसते खरी, पण जुन्या, गंजलेल्या नटाचे कोपरे तीच खाते. आणि १३चा एक पाना जास्तीचा ठेवा. का? तर ८ एमएमच्या जपानी बोल्टचं डोकं १२चं असतं, पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या त्याच मापाच्या बोल्टचं १३चं. तुमच्याआधी कुणी मेकॅनिकने बोल्ट बदललाय का, तेही यावरून कळतं!

बोल्टचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण घरच्या कामात जीवावर बेतू शकतं ते इथेच. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो, उदाहरणार्थ ८.८. पहिल्या ८चा अर्थ, तुटण्याआधी तो दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसतो. दुसऱ्या ८चा अर्थ, त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत, म्हणजे ६४०पर्यंत, तो ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो. त्यापुढे गेला की लांबच राहतो. आता ते चमकणारे स्टेनलेस बोल्ट किट बघा. त्यावर ए२-७० लिहिलेलं असेल तर तुटायची मर्यादा ७००, आणि कायमचं ताणलं जाणं साधारण ४५०लाच सुरू होतं. साइड कव्हरला लावा, झकास दिसतील. ब्रेकच्या कॅलिपरला, फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, इंजिन धरणाऱ्या जागी नाही. तिथे कंपनीचाच बोल्ट. आणि डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट गेटच्या बिजागरीला ठेवा.

घट्ट करायला टॉर्क रेंच. बहुतेक जण अर्ध्या इंचाचा मोठा घेतात, ज्यावर आकडे साधारण २८ न्यूटन-मीटरपासून सुरू होतात. पण इंजिनच्या कव्हरचा ६ एमएमचा बोल्ट १० न्यूटन-मीटरलाच संपतो! म्हणजे दहा सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला फक्त दहा किलोचा भार. तरण्याताठ्या मनगटाला हे काहीच नाही, म्हणून तर ॲल्युमिनियममधले आटे जातात. त्यामुळे पहिला घ्यायचा तो लहान, ५ ते २५वाला. ८ एमएमचा बोल्ट साधारण २२ला, तोही यातच बसतो. मोठा लागतो ॲक्सलच्या नटाला, तो ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा. हे आकडे सर्वसाधारण आहेत हं, तुमच्या गाडीचा सर्व्हिस मॅन्युअल जे सांगेल ते अंतिम. आणि क्लिकवाला रेंच ठेवताना सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेलीच राहते आणि पुढे आकडा खोटा बोलायला लागतो.

मोजायला व्हर्नियर, फीलर गेज आणि मल्टिमीटर. मल्टिमीटरमुळे निम्मे अंदाज बंद होतात. गाडी बंद असताना भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते, चार्जिंग होत असताना १४च्या वर. तेवढं दिसत नसेल तर नवीन बॅटरी घेऊन उपयोग नाही, दोष दुसरीकडे आहे.

एक फुकटचं टूल तुमच्या हातातच आहे, फोन. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो. आणि इंजिनचं कव्हर काढताना खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढा, ज्या जागेचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचा. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी पिळला की तो तळाला टेकतो आणि कव्हर सैलच राहतं. जास्त पिळला तर केसिंगलाच तडा. फोटोत लांबी दिसत नाही, पुठ्ठ्यात दिसते.

बरं, मग ग्राइंडर? चार इंची चकती मिनिटाला ११,००० फेरे मारते तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे असतो. गार्ड काढून, चष्म्याशिवाय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी पेट्रोलची टाकी ठेवून हे चालवायचं नसतं. टाकीला वेल्डिंग तर घरी नाहीच. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि पेटते ती वाफच.

पण फ्रेम न कापण्याचं दुसरं कारण कागदावर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सायलेन्सरचं तर तुम्ही पाहिलंच असेल, पोलिस जप्त करून रोडरोलरखाली घालतात. अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही आधी हेच बघणार.

म्हणून माझं मत सरळ आहे: पहिली गाडी बोल्टवर बनवा. सीट, इंडिकेटर, आरसे, घासून-पुसून नव्यासारखं केलेलं इंजिन, नीट बसवलेलं वायरिंग. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद करून. काढलेला प्रत्येक मूळ भाग पोत्यात घालून माळ्यावर. आक्षेप आलाच तर रविवारी दोन तासांत गाडी होती तशी उभी राहते. कापलेली फ्रेम तशी उभी राहत नाही. सीटसाठी ब्रॅकेट वगैरे बनवायचंच असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. कोल्हापूरकरांना उद्यमनगर आहेच. असं काम तिथे होतं, तुम्ही मशीन घ्यायची गरज नाही.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. जाताना जुना बोल्ट खिशात न्या. दुकानदाराला माप तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या भागात वायरिंग उघडू. तोवर मल्टिमीटर घेऊन ठेवा.