६४० पटींचा फरक स्लाइडच्या शेवटच्या ओळीत दडला! प्रेझेंटेशनमध्ये आकृती कधी आणि कशी वापरायची?

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी अंतराळातली मोहीम संपवून पृथ्वीवर परतत होते. यान उतरायला साधारण सोळा मिनिटं उरली असताना संपर्क तुटला. टेक्सासच्या आकाशात कोलंबिया यानाचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर गेले.

अपघाताचं कारण तसं लहान दिसणारं होतं. १६ जानेवारीला उड्डाण झाल्यावर ८२व्या सेकंदाला इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निघाला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. हे कॅमेऱ्यात दिसलं होतं, नासाला माहीत होतं. यान वर फिरत असतानाच इंजिनिअर लोकांनी हिशोब करून सादरीकरणही केलं होतं. त्यातली एक पॉवरपॉइंट स्लाइड पुढे चौकशी अहवालात जशीच्या तशी छापली गेली. येल विद्यापीठातले प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न् ओळ तपासली होती.

काय होतं त्या स्लाइडवर?

शीर्षकाचा भावार्थ असा, की चाचण्यांची आकडेवारी पाहता टाइल फुटण्याचा अंदाज ‘सावध बाजूचा’ आहे. म्हणजे गणित जेवढं नुकसान सांगतंय, प्रत्यक्षात त्याहून कमी असेल. घाईत वाचणाऱ्याला यातून एकच ऐकू येणार, ते म्हणजे ‘काळजी नको’.

त्याखाली बुलेट पॉइंट. बुलेटच्या आत बुलेट, त्याच्या आत अजून एक. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा आलेला आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात खरी गोष्ट होती. आदळलेल्या तुकड्याचं आकारमान अंदाजे १,९२० घन इंच. ज्या चाचण्यांच्या भरवशावर अंदाज बांधला, त्यातला तुकडा ३ घन इंचांचा.

म्हणजे ६४० पट मोठा.

एवढा फरक असेल तर जुन्या चाचण्या इथे लागूच होत नाहीत, असं म्हणायला हवं होतं. स्लाइडमध्ये ते लिहिलेलंही होतं. पण शीर्षक एक सांगत होतं आणि तळातली ओळ दुसरं. इतक्या गर्दीत वरिष्ठांना हा जिवाशी खेळ आहे हे कळलं नसेल तर नवल नाही, असं चौकशी मंडळाने नंतर म्हटलं.

आता हीच माहिती चित्रात बघू. ३ घन इंच म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर, एक कटिंग चहा. १,९२० घन इंच म्हणजे साडेएकतीस लिटर, ऑफिसात येणारे वीस लिटरचे दीड जार. एका बाजूला कटिंगचा ग्लास, दुसऱ्या बाजूला दीड जार, खाली दोन ओळी : ‘चाचणी याची झाली. आदळलं ते हे.’ एवढी स्लाइड दाखवली असती तर खोलीतल्या कुणीतरी विचारलंच असतं, की मग आपल्याला नेमकं काय माहीत आहे?

त्याने सात जीव वाचले असते असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पंखाचे फोटो घ्यावेत ही इंजिनिअरांची मागणी वेगळ्याच पातळीवर अडली होती. शिवाय स्लाइडचा भर टाइलवर होता, आणि भोक पडलं ते पंखाच्या पुढच्या कडेच्या कार्बन पॅनलला. जुलै २००३ मध्ये तसाच फोमचा तुकडा तशाच पॅनलवर डागून पाहिला, तर सुमारे १६ इंचांचं भगदाड पडलं. पण आकृतीने उत्तर दिलं नसतं तरी प्रश्न नक्की उभा केला असता.

सतरा वर्षांपूर्वीही तेच

नासाच्याच इतिहासातला याच्याआधीचा किस्सा जास्त बोलका आहे. २७ जानेवारी १९८६ची रात्र. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडातून चॅलेंजर यान उडायचं होतं. हवामान खात्याचा अंदाज होता, पारा शून्याखाली दोन-तीन अंशांपर्यंत जाईल. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांच्या पोटात गोळा आला. बूस्टरचे भाग जिथे जोडले जातात, तिथे गरम वायू बाहेर फुटू नये म्हणून रबराच्या मोठ्या कड्या असतात. त्यांना म्हणतात ओ-रिंग. थंडीत रबर कडक होतं आणि फट वेळेत बुजत नाही.

कंपनीने युटामधून १३ कागद फॅक्स केले आणि फोनवर बैठक झाली. म्हणणं होतं, १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण नको, कारण त्याहून थंडीत आजवर उडालोच नाही. समोरून प्रतिप्रश्न आला, की कड्यांना इजा तर २४ अंशांच्या उबदार हवेतही झाली होती, मग थंडीचा संबंध कुठे सिद्ध होतो? कागदांवर आकडे होते, रेखाचित्रं होती, पण तापमान आणि इजा यांना सगळ्या उड्डाणांसाठी शेजारी शेजारी ठेवणारा एकही आलेख नव्हता. कंपनीच्या व्यवस्थापनाने आपलीच शिफारस फिरवली. सकाळी चॅलेंजर उडालं आणि ७३ सेकंदांत सात जणांसह संपलं.

चौकशी आयोगाने नंतर जे केलं ते शाळेतल्या आलेख वहीत करता येईल असं होतं. आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर इजा, आणि प्रत्येक उड्डाणाला एक ठिपका. आधी फक्त इजा झालेल्या उड्डाणांचे ठिपके मांडले. ते इकडेतिकडे पसरलेले, त्यातून काहीच कळेना. मग इजा न झालेली उड्डाणंही टाकली आणि चित्रच पालटलं. साधारण १९ अंश किंवा त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ वेळा त्रास झालेला. १७ अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत त्रास झालेला. चारपैकी चार!

उत्तर, बघा, ‘काही झालं नाही’वाल्या ठिपक्यांत होतं. तेच आपण सगळे सर्रास गाळतो. ‘या तीन महिन्यांत तक्रारी आल्या’ असं दाखवताना तक्रार न आलेले नऊ महिने स्लाइडवर येतच नाहीत.

इथे एक बाजू सांगायला हवी. त्या रात्री हा आलेख काढायला हवा होता, असं टफ्टी यांनी १९९७च्या पुस्तकात मांडलं. त्यावर उड्डाणाला विरोध करणारे इंजिनिअर रॉजर बोझोले आणि त्यांच्या सहलेखकांनी आक्षेप घेतला. तेवढी सगळी आकडेवारी त्या रात्री आमच्या हातात नव्हतीच, आणि खरा दोष निर्णय फिरवणाऱ्यांचा, असं त्यांचं म्हणणं. ते रास्तच आहे. चार्ट नीट नव्हता म्हणून सगळं खापर इंजिनिअरांवर फोडणं सोपं असतं.

याच चौकशीत ११ फेब्रुवारी १९८६ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच पूर्ववत होईना. ना स्लाइड, ना चार्ट. देशभर लोकांना कळलं.

मग आपल्या स्लाइडचं काय?

आपण काही रॉकेट सोडत नाही. पण समजा, एका सोसायटीची वार्षिक सभा आहे. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रोजेक्टर. सेक्रेटरींना गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये सोडायचं काम मंजूर करून घ्यायचंय. स्लाइडवर नऊ बुलेट : टँकरचा वाढता खर्च, भूजल पातळी, पर्यावरण, सरकारी नियम वगैरे. तिसऱ्या ओळीला मागची रांग व्हॉट्सॲप उघडते.

सभासदांच्या मनात मात्र तीनच प्रश्न असतात. सध्या किती पैसे जातात? पाणी नक्की कुठून कुठे जाणार? काम कधी उरकणार? तिन्ही प्रश्नांची चित्रं वेगळी आहेत. पहिल्याला महिन्यागणिक बार, मार्च ते जूनचे चार बार लाल आणि बाकीचे राखाडी. दुसऱ्याला बाणांचं साधं रेखाटन : गच्ची, पाइप, गाळण टाकी, बोअरवेल. तिसऱ्याला आठवड्यांची आडवी पट्टी आणि तिच्यावर ‘पाऊस इथे सुरू होतो’ अशी खूण. ती खूण दिसली की ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणणाऱ्याला जरा विचार करावा लागतो.

चित्राच्या वर ‘टँकर खर्च’ असं नाव नको. ‘टँकरचा बहुतेक खर्च चार महिन्यांत होतो’ असं पूर्ण वाक्य हवं. कोलंबियाच्या स्लाइडचं शीर्षक चुकलं तिथेच अर्धा घोटाळा झाला होता. असं वाक्य सुचत नसेल तर थोडं थांबावं, कारण बहुधा काय सांगायचंय हेच अजून ठरलेलं नसतं. आणि पहिलं चित्र कागदावर पेनने काढावं. सॉफ्टवेअर उघडलं की माणूस मजकूर सोडून गोल-चौकोनांचे रंग निवडत बसतो.

चित्र डोक्यावरूनही जातं

एप्रिल २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीमुळे अमेरिकी सैन्याची एक स्लाइड जगभर फिरली. अफगाणिस्तानातल्या युद्धाचे सगळे घटक आणि त्यांना जोडणारे इतके बाण, की ती ताटात सांडलेल्या नूडल्ससारखी दिसत होती. ही स्लाइड समजली की युद्ध जिंकलंच, असं तिथले सेनाप्रमुख जनरल मॅक्रिस्टल गमतीत म्हणाल्याचं बातमीत होतं. सगळं एका चित्रात कोंबलं की असं होतं. गुंतागुंत दाखवायचीच असेल तर एकेक टप्पा उघडत न्यावा.

दुसरा धोका फसवण्याचा. टँकरचं बिल ९० हजारांवरून ९६ हजारांवर गेलं आणि बारची मोजपट्टी शून्याऐवजी ८८ हजारांपासून सुरू केली, तर दुसरा बार पहिल्याच्या चौपट दिसतो. खर्च वाढला जेमतेम सात टक्के! टीव्हीवर निवडणुकीच्या काळात असे बार बघायला मिळतात. तिरका, फुगीर पाय चार्टही तसाच, त्यात पुढची फोड उगाच मोठी वाटते.

चहा आणि जारच्या चित्रातही उलटी गडबड आहे. ६४० पट मोठा ठोकळा काढायचा तर त्याची बाजू फक्त साडेआठ पट होते, आणि कागदावर तो सुमारे ७४ पटच मोठा दिसतो. म्हणून शेजारी आकडा लिहायलाच हवा.

मोबाइलवर हे सगळं आणखी अवघड होतं. प्रोजेक्टरसाठी केलेली स्लाइड ग्रुपवर टाकली की अक्षरं मुंगीएवढी होतात. पाठवण्याआधी ती स्वतःच्या फोनवर, झूम न करता वाचून बघावी.

आणि काही गोष्टी चित्रात मावतच नाहीत. हिशोब कसा केला, काय गृहीत धरलं, कुठे खात्री नाही, यासाठी दोन पानांचं टिपण सोबत द्यावं लागतं. कोलंबियाच्या चौकशी मंडळाचं नासावर तेही एक बोट होतं. तपासात त्यांनी तांत्रिक अहवाल मागितले, तर अनेकदा अधिकाऱ्यांकडून त्यांना पुन्हा स्लाइडच मिळाल्या.