डोंगराच्या टोकदार सावलीची गोष्ट

या पोरांनो, बसा. आज श्रीलंकेतल्या एका डोंगराची गोष्ट सांगतो. त्याचं नाव श्रीपाद. उंची 2243 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ सहाशे मीटर जास्त. माथ्यावरच्या खडकात पावलाचा ठसा आहे. बौद्ध म्हणतात तो बुद्धाचा, हिंदू म्हणतात शंकराचा, मुसलमान म्हणतात आदमबाबांचा. चढतात मात्र सगळे एकाच डोंगरावर. 1344 साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही तिथं चढून गेला होता.

इचलकरंजीची आम्ही काही मंडळी मिळून गेलो होतो. कोलंबोहून रेल्वेनं हॅटन, तिथून चहाच्या मळ्यांतून बसनं नल्लथन्निया. हे पायथ्याचं गाव. सूर्य उगवायच्या आत माथा गाठायचा, म्हणून मध्यरात्र उलटली की चालायला लागायचं. जोतिबाचा डोंगर चढायची सवय असलेली माणसं आम्ही, पण त्या हजारो पायऱ्यांनी पोटऱ्या भरून आल्या. वर जाऊ तशी थंडी वाढत गेली. हवा तापते ती जमिनीच्या उबेनं. उंच जाऊ तशी ती विरळ होते आणि दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळं समुद्रकाठी घाम पुसणारा माणूस माथ्यावर कानटोपी शोधतो.

वर पोचलो तेव्हा सगळ्यांची तोंडं पूर्वेला होती. सूर्याची कड दिसली, घंटेचे टोल पडले. तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं माझा दंड धरला आणि मला पश्चिमेकडं वळवलं. खाली रानं, टेकड्या, धुकं. आणि त्या सगळ्यांवर पसरलेला एक निळसर काळा त्रिकोण! कडा सरळ, टोक थेट क्षितिजाला भिडलेलं. ती आमच्या पायाखालच्या डोंगराची सावली होती.

तुम्ही म्हणाल, डोंगर निमुळता, म्हणून सावली निमुळती. पण जपानच्या फुजीच्या माथ्यावरून बघा, स्पेनच्या तेइदेवरून बघा, सावली अशीच त्रिकोणी दिसते. डोंगराला खांदे असोत, सुळके असोत, दूरवर गेलेल्या सावलीत ते दिसतच नाहीत. असं का?

सूर्य आपल्यापासून 15 कोटी किलोमीटर दूर. तिथून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यामुळं डोंगराची सावली म्हणजे हवेतून आरपार गेलेला अंधाराचा लांबलचक पट्टा. आपण उभे असतो त्या पट्ट्याच्या सुरुवातीला. हातमागाच्या काळात आपल्या गावात पांजणीला ताणा पसरत. एका टोकाला उभं राहून बघितलं, की समांतर धागे पलीकडं एकत्र आलेले दिसायचे. सावलीच्या कडाही तशाच दूर जाताना जवळ आल्यासारख्या दिसतात. म्हणून हा त्रिकोण फक्त माथ्यावरच्या माणसाला दिसतो. त्याच सावलीत बसलेल्या गावाला एवढंच कळतं, की आज ऊन उशिरा आलं.

आणि ही सावली थांबत नाही बरं का. सूर्य उगवताना ती क्षितिजापर्यंत असते. वीसेक मिनिटांत सूर्य पाच अंश वर आला, की तिचं टोक सुमारे 25 किलोमीटरवर येतं. दहा अंशांवर आला, की 13 किलोमीटरच्या आत. बघता बघता ती डोंगराकडं परत येते.

1886 मध्ये राल्फ अॅबरक्रॉम्बी हा ब्रिटिश हवामानतज्ज्ञ खास ही सावली बघायला श्रीपादावर गेला. दरीतून धुकं वर आलं, की सावली त्या धुक्यावर पडून समोर उभी राहायची आणि तिच्याभोवती रंगीत कमान उमटायची. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारं इंद्रवज्र याच घराण्यातलं. 1835 मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली होती. धुक्याचे बारीक थेंब उजेड उलटा आपल्याकडं फिरवतात, त्यातून ते रंग उमटतात.

आता तुमचं काम. रविवारी सकाळी लवकर शाळेच्या मैदानावर जा. सारख्या उंचीच्या दोन काठ्या हातभर अंतरावर सरळ रोवा, सूर्याकडं पाठ करून त्यांच्यामध्ये उभे राहा. दोन्ही सावल्या लांब जाऊन जवळ आल्यासारख्या दिसतील. मग टेप घ्या आणि त्यांच्यातलं अंतर काठ्यांपाशी मोजा, मध्ये मोजा, शेंड्यापाशी मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहून मला दाखवा. आणि मोठे झालात, पहाटे कळसूबाईवर गेलात, तर सूर्य उगवल्यावर एकदा पश्चिमेकडं वळून बघायला विसरू नका.