पाटीवरचा साहेब नक्की कोणता?

सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज आणि पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, या दोन्हींना एकाच माणसाचं नाव दिलं होतं का? बहुतेक जण पटकन ‘हो’ म्हणतील. आडनाव एक, शहर एक, दोघंही इंग्रज साहेब, मग माणूसही एकच असणार ना?

नाही! कॉलेज आहे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या नावाचं. पेशवाई संपली तेव्हा पुण्यात इंग्रजांचे रेसिडेंट असलेले हेच गृहस्थ. पुढे १८१९ ते १८२७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. ते परत जायला निघाले तेव्हा मुंबईच्या लोकांनी शिक्षणासाठी वर्गणी काढली आणि त्यातून पुढे हे कॉलेज उभं राहिलं. स्टेशनचं नाव होतं लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्यावरून. ते १८५३ ते १८६० मध्ये गव्हर्नर होते, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईची सूत्रं त्यांच्या हातात होती. आणि या दोघांचं नातं? सख्खे काका-पुतणे! आपल्या महाराष्ट्राला काका-पुतण्यांची सवय आहेच, त्यामुळे जास्त आश्चर्य वाटायला नको.

जुलै २०१८ मध्ये स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. म्हणजे पुतण्याची पाटी उतरली, काकांची अजून कॉलेजवर आहे. ज्या कॉलेजात दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले, ते हेच काकांच्या नावाचं कॉलेज. नुसतं ‘एल्फिन्स्टन’ म्हटलं की हा सगळा फरक पुसला जातो.

या लेखाचा विषय तोच आहे. एकाच इंग्रजी आडनावाची माणसं आणि ठिकाणं कशी तयार होतात, आणि त्यात आपली गल्लत का होते?

आडनावं बनतात कशी?

आधी आपल्याकडे बघू. मराठी आडनावांचा एक मोठा गट गावावरून आलेला आहे : नागपूरकर, चिपळूणकर, मंगेशकर. दुसरा गट कामावरून : कुलकर्णी, पाटील, सुतार, सोनार. आमच्या उल्हासनगरात सिंधी आडनावं जास्त. त्यांच्या शेवटी येणारा ‘आणी’ बहुतेक वेळा घराण्यातल्या कुणा पूर्वजाचं नाव सांगतो. अडवाणी, कृपलानी, मलकाणी वगैरे.

इंग्रजीतही हेच तीन साचे आहेत. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. जॉन्सन म्हणजे जॉनचा सन, म्हणजे मुलगा, आणि थॉमसन म्हणजे थॉमचा. स्कॉटलंडमधल्या आडनावांतला ‘मॅक’ही ‘मुलगा’ असंच सांगतो. हे सगळे त्यांच्याकडचे ‘आणी’. आणि एल्फिन्स्टन? हे मुळात स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव. तिथल्या जमिनीचे मालक त्या गावावरून ओळखले जाऊ लागले. मराठीत सांगायचं तर ते सरळसरळ ‘एल्फिन्स्टनकर’!

म्हणजे गंमत बघा. आधी गाव, गावावरून आडनाव, आडनाववाला साहेब मुंबईत, मग त्याच्यावरून रस्ता, आणि रस्त्यावरून स्टेशन. स्कॉटलंडमधल्या एका खेड्याचं नाव आपण दादरच्या पुढे तिकीट काढताना घेत होतो.

हे नाव एवढ्यावरही थांबलं नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा रेसिडेंट कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा काका एल्फिन्स्टन यांच्या हाताखालचा अधिकारी. त्याने आपल्या मुलाचं नाव काय ठेवावं? माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ! साहेबाचं आडनाव मुलाच्या नावातच घातलं. हा मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. त्याचा एल्फिन्स्टन घराण्याशी रक्ताचा संबंध शून्य.

बरं, या ‘ग्रँट’चा ग्रँट रोडशी संबंध आहे का? तर तोही नाही. ग्रँट रोड आणि ग्रँट मेडिकल कॉलेज, दोन्ही सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे. ते १८३५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. इथे मात्र रस्ता आणि कॉलेज दोन्हींमागे खरंच एकच माणूस आहे. म्हणजे नियम असा काहीच नाही. प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

आडनाव की पदवी?

आता दुसरा गोंधळ. हार्बर लाइनवरचं रे रोड घ्या. गव्हर्नर लॉर्ड रे, १८८५ ते १८९०. पण ‘रे’ हे त्यांचं आडनाव नव्हतंच! त्यांचं नाव डोनाल्ड जेम्स मॅके. रे हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचं एक गाव, आणि त्या गावावरून आलेली त्यांच्या घराण्याची पदवी. पुण्याची मंडई १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव ‘रे मार्केट’ होतं, ते याच साहेबांवरून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती महात्मा फुले मंडई झाली. आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आणखी एक माहिती : १८८७ मध्ये व्हीजेटीआय स्थापन झालं तेव्हा मुंबईचे गव्हर्नर हेच होते.

सँडहर्स्ट रोडचंही तसंच. लॉर्ड सँडहर्स्ट यांचं खरं आडनाव मॅन्सफील्ड. ते १८९५ ते १९०० मध्ये गव्हर्नर होते, म्हणजे प्लेगचा काळ. त्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीत हवा खेळावी म्हणून त्याने जे रुंद रस्ते काढले, त्यातला एक हा सँडहर्स्ट रोड. सँडहर्स्ट हे इंग्लंडमधलं गाव. तिथेच ब्रिटिश सैन्याची प्रसिद्ध अकादमी आहे. त्यामुळे गाव, अकादमी, पदवी, रस्ता आणि स्टेशन अशी पाच ठिकाणी एकच नाव, पण त्यात आडनाव एकदाही नाही!

हा गोंधळ फक्त स्टेशनांपुरता आहे असं समजू नका. आपल्या पुस्तकांतही तो आहे. तापमानाचं एकक केल्व्हिन. लॉर्ड केल्व्हिन यांचं आडनाव थॉमसन, आणि केल्व्हिन ही ग्लासगो युनिव्हर्सिटीजवळून वाहणारी नदी. म्हणजे थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात आपण दर गणिताला एका नदीचं नाव लिहितो. जूल-थॉमसन इफेक्टमधले थॉमसन हेच. पण अणूचं थॉमसन मॉडेल आणि इलेक्ट्रॉनचा शोध मात्र जे. जे. थॉमसन यांचा. ते वेगळे. त्यांचा मुलगा जी. पी. थॉमसन, त्यालाही नोबेल, तो तिसरा. आकाश निळं का दिसतं हे सांगणारे लॉर्ड रॅले? आडनाव स्ट्रट, आणि रॅले हे गाव. व्हायवाला ‘कोणता थॉमसन?’ असं विचारलं तर अर्धा वर्ग गप्प बसेल.

कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आडनाव ही प्रायमरी की नाही. वर्गात तीन पाटील असतात म्हणून तर रोल नंबर असतो.

सिंधचे जेकब आणि सात रस्त्याचे जेकब

आता आमच्या कॅम्प १ कडे येऊ. शहाड स्टेशनला उतरलात की आमची वस्ती सुरू होते. इथे कोणत्याही साहेबाचं आडनाव नाही, फक्त नंबर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभारली होती, तिचे हे कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये जागा मिळाली. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. तरी आजही पत्ता सांगताना आधी ‘कॅम्प वन’ हेच तोंडात येतं.

पण ही माणसं जिथून आली, तिथे एक इंग्रजी आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं : जेकबाबाद. उत्तर सिंधमधलं हे शहर कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहे. पारा पन्नासच्या आसपास जातो. जनरल जॉन जेकब यांनी १८४७ मध्ये खानगढ नावाच्या खेड्याजवळ ते वसवलं. इंग्रजी आडनाव आणि फारसी ‘आबाद’, असं हे जोडनाव. हे साहेब घोडदळाचे, पण डोकं इंजिनिअरचं. रस्ते, कालवे काढले, रायफलमध्ये सुधारणा केल्या. १८५८ मध्ये तिथेच वारले, तिथेच त्यांची कबर आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणजे तोपर्यंत जेकबाबादचाही कारभार मुंबईच्या सरकारकडेच होता.

आणि मुंबईत? सात रस्त्याला जेकब सर्कल! साहजिकच कुणालाही वाटेल की सिंधच्या जेकबचंच नाव इथे दिलं असणार. पण तो जेकब दुसरा : सर जॉर्ज ल ग्रँड जेकब, जॉनचा चुलत भाऊ. १८५७ मध्ये कोल्हापूरचा उठाव मोडून काढला तो याने. कोल्हापूरच्या महाराजांचे भाऊ चिमासाहेब यांना त्यानंतर पकडून हद्दपार केलं गेलं. कुठे? कराचीला! म्हणजे एका जेकबने कोल्हापूरच्या राजघराण्यातला माणूस सिंधच्या वाटेला लावला, आणि त्याच सिंधमध्ये दुसऱ्या जेकबच्या नावाचं गाव. पुढे नव्वद वर्षांनी तिथली माणसं उलट दिशेने आमच्याकडे आली.

आज सात रस्त्याच्या त्या चौकाचं अधिकृत नाव संत गाडगे महाराज चौक आहे. ज्याने कोल्हापूरचा उठाव चिरडला त्याच्या जागी गाडगेबाबा, याचं कुणाला वाईट वाटेल? पण हे समाधान तेव्हाच मिळतं, जेव्हा तो जेकब कोण होता हे माहीत असतं. नाहीतर एक पाटी गेली, दुसरी आली, एवढंच.

मग नावं बदलायची की नाही?

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या काही स्टेशनांची नावं बदलण्याचा प्रस्ताव मंजूर केला. सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, करी रोडचं लालबाग, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, चर्नी रोडचं गिरगाव वगैरे. आता ही यादी जरा नीट बघा. करी रोडचा आमटी-रश्शाशी संबंध नाही, करी नावाचे रेल्वेचे एक मोठे अधिकारी होते. कॉटन ग्रीनमध्ये मात्र साहेब नाही. गोदावरीवर धरण बांधणारे इंजिनिअर सर आर्थर कॉटन प्रसिद्ध आहेत, पण हे कॉटन म्हणजे साधा कापूस. आणि चर्नी रोड? कुणी म्हणतं गुरं चरायची जागा म्हणून चर्नी, कुणी म्हणतं ठाण्याच्या चेंदणीवरून. दोन्हीपैकी काहीही खरं धरलं तरी शब्द आपलाच!

नावं बदलू नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. लालबागला लालबाग म्हणायला कुणाची हरकत असेल? पण ‘इंग्रजी वाटतंय, काढा’ आणि ‘कोण होता ते कळलं, आता काढा’ यात फरक आहे. फोर्टमधल्या एल्फिन्स्टन सर्कलचं उदाहरण घ्या. तेही पुतण्याचंच. स्वातंत्र्यानंतर ते नाव बदललं आणि आलं हॉर्निमन सर्कल. म्हणजे इंग्रज जाऊन इंग्रजच आला! कारण बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक, स्वातंत्र्य चळवळीच्या बाजूने लिहिणारे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं होतं. (लंडनमध्ये एक हॉर्निमन म्युझियम आहे, ते चहाच्या व्यापाऱ्याचं. तो आणखी निराळा!) ज्यांनी हे नाव दिलं त्यांनी आडनाव नाही, माणूस बघितला.

दुसरं म्हणजे जुनं नाव पूर्ण विसरूनही चालत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे जीव गेले, ती घटना सगळीकडे एल्फिन्स्टन रोडच्या नावानेच नोंदलेली आहे. पुढच्या पिढीतल्या कुणी ‘प्रभादेवी’ म्हणून शोधलं तर सापडेल का? उल्हासनगरच्या म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या कागदांवर जन्मगाव म्हणून सिंधमधली नावं आहेत. ती वाचता आली नाहीत तर घराचा अर्धा इतिहास गेला.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. नवीन पाटी लावा, पण खाली बारीक अक्षरात दोन ओळी असू द्या : आधीचं नाव काय, तो माणूस पूर्ण नावाने कोण, कोणत्या सालातला, आणि नाव का बदललं. खर्च काहीच नाही, जागा फुटभर. आणि पाटी लागेपर्यंत आपण एक करू शकतो. पुढच्या वेळी लोकलमधून जाताना एखादं इंग्रजी नाव दिसलं, तर तीन प्रश्न विचारा. हे आडनाव, पदवी की नुसता शब्द? याच आडनावाचे आणखी कोण होते? आणि त्यातला इथला कोणता?

शहाड ते सीएसएमटी सव्वा-दीड तास लागतो. तेवढ्यात दोन-तीन साहेब तरी सापडतील!