नावाचा मक्ता आणि विद्येचा कस
स्वसंरक्षणाचे वर्ग निवडताना पालकांनी व शाळांनी कोणती दक्षता घ्यावी?

आपल्या मुलामुलींना स्वतःचे रक्षण करता यावे, ही इच्छा आज शहरातील पालकांप्रमाणेच ग्रामीण भागातील पालकांच्या मनातही प्रबळ झाली आहे. तिला प्रतिसाद म्हणून कराटे, तायक्वांदो, ज्यूदो आदी युद्धकलांचे वर्ग सर्वत्र निघाले आहेत. ग्वाल्हेर शहराच्या थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीसारख्या निवासी वसाहती हे अशा वर्गांचे स्वाभाविक क्षेत्र होय. नोकरदार कुटुंबे, शाळेत जाणारी मुले आणि सायंकाळी मोकळा मिळणारा एखादा सभागृहवजा हॉल एवढी सामग्री जमली की वर्ग उभा राहतो. यांपैकी काही वर्ग स्थानिक शिक्षकांनी स्वतःच्या बळावर चालविलेले असतात. तर काही दूरच्या एखाद्या नामांकित संस्थेकडून तिचे नाव वापरण्याचा परवाना घेऊन चालविले जातात. या दुसऱ्या पद्धतीस 'फ्रँचायझी' म्हणतात. जुन्या मराठीत सांगावयाचे तर हा नावाचा मक्ता होय. या मक्त्याचा शिक्षणाच्या दर्जावर काय परिणाम होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आधी शिक्षक, मग शाखा

ग्वाल्हेरचा आणि मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ जेथे पडला, तोच भाग पुढे 'लष्कर' या नावाने शहराचा अविभाज्य घटक बनला आणि अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थिरावली. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई याच भूमीवर धारातीर्थी पडल्या. १८५७ च्या संग्रामाच्या शताब्दीचे औचित्य साधून १७ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांच्याच नावाने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. १९९५ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. खेळ शिकवणाऱ्याने आधी स्वतः शरीररचना, व्यायामाचे शास्त्र आणि अध्यापनाची पद्धती शिकली पाहिजे, या तत्त्वावर अशा संस्था उभ्या आहेत.

महाराष्ट्रातील व्यायामशाळांची वाढही याच क्रमाने झाली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये, तर दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ मध्ये स्थापन झाले. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मल्लखांब, लाठी, लेझीम यांचा प्रसार अशा संस्थांत तयार झालेल्या शिक्षकांनी गावोगावी जाऊन केला. शिक्षक आधी तयार झाला, त्याची शाखा मागाहून निघाली.

जुनी तालीम सर्वगुणसंपन्न होती, असे मात्र नव्हे. सारी भिस्त एका वस्तादावर असे. त्याच्यामागे विद्या टिकेलच याची शाश्वती नसे. मुलींना बहुतेक तालमींची दारे बंदच होती. लिखित अभ्यासक्रम किंवा दुखापतीविषयीचे नियम क्वचितच आढळत. या उणिवा चांगल्या फ्रँचायझीत बऱ्याच अंशी भरून निघतात. ठरावीक अभ्यासक्रम, संरक्षक साहित्य, महिला प्रशिक्षक, बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाला तेथेही पुढील धडा मिळण्याची सोय, हे तिचे लाभ नाकारता येणार नाहीत. प्रश्न निर्माण होतो तो शाखेचा आर्थिक डोलारा कशावर उभा आहे, याचा विचार केल्यावर.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल एका काल्पनिक शाखेचा हिशेब पाहू. शाखेत चाळीस मुले आहेत व मासिक शुल्क ८०० रुपये आहे. महिन्याचे उत्पन्न ३२,००० रुपये होते. त्यातून जागेचे भाडे १०,००० रुपये, मुख्य संस्थेचा शेकडा १५ प्रमाणे वाटा ४,८०० रुपये आणि साहाय्यक शिक्षकाचे मानधन ८,००० रुपये वजा जाता शाखाचालकाच्या हाती ९,२०० रुपये उरतात. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा होते, तिचे शुल्क ६०० रुपये आहे. चाळीस मुलांचे २४,००० रुपये जमतात. निम्मे मुख्य संस्थेस जाऊन १२,००० रुपये राहतात. म्हणजे दरमहा ४,००० रुपयांची भर पडते. चालकाच्या एकूण १३,२०० रुपयांच्या प्राप्तीत जवळजवळ तीन-दशांश भाग परीक्षेचा झाला.

आता एखाद्या मुलाची तयारी कच्ची असल्याने त्यास परीक्षेला न बसविणे हे शिक्षक म्हणून चालकाचे कर्तव्य ठरते. परंतु तसे करताच त्याचे, आणि मुख्य संस्थेचेही, उत्पन्न घटते. शिवाय मागे राहिलेला मुलगा वर्ग सोडण्याची भीती असते. अशा स्थितीत परीक्षा कसोटी न राहता वसुलीचे साधन बनण्याचा धोका उघड आहे.

दुसरा मोह संख्येचा. आणखी वीस मुले घेतली आणि शिक्षक वाढविला नाही, तर मुख्य संस्थेचा वाटा देऊनही दरमहा १३,६०० रुपये अधिक मिळतात. तासाभराच्या वर्गात वीस मिनिटे अंग मोकळे करण्यात गेली, तर उरलेल्या चाळीस मिनिटांत चाळीस मुलांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकाचे एक मिनिट येते. मुले साठ झाली की ते चाळीस सेकंदांवर येते. पाय चुकीच्या जागी पडणे, मनगट वाकडे ठेवून ठोसा मारणे, पडताना मान न सावरणे या चुका शिक्षकाच्या नजरेनेच दुरुस्त होतात. ती नजर कमी पडली की चूक अंगवळणी पडते आणि दुखापतीची शक्यता वाढते.

पट्ट्याचा अर्थ

पट्टा ही मुळात शिक्षकाने दिलेली खूण होय. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्यूदोची कोदोकान ही शाळा काढली व पुढे शिष्यांची प्रगती दर्शविणाऱ्या श्रेणी सुरू केल्या. रंगीत पट्ट्यांची लांब मालिका त्यानंतर युरोपात रूढ झाली. दूरचे ध्येय टप्प्याटप्प्याने गाठता यावे, हा तिचा शैक्षणिक हेतू आहे आणि लहान मुलांसाठी तो योग्यच आहे. तथापि टप्पे जितके अधिक, तितकी परीक्षा शुल्केही अधिक. काही ठिकाणी अमुक वर्षांत काळा पट्टा मिळेल, असे आश्वासन प्रवेशाच्या वेळीच दिले जाते. विद्या येण्यापूर्वीच तिच्या पावतीची तारीख ठरविण्यासारखे हे आहे.

याची खरी किंमत मोजावी लागते ती विद्यार्थ्याला. नृत्य कच्चे राहिले तर कार्यक्रम फसतो. परंतु कंबरेच्या पट्ट्यावर विसंबून एखादी मुलगी अंगात नसलेल्या सामर्थ्याचा भरवसा धरील, तर ऐन संकटात तिची फसगत होईल. संकट वेळीच ओळखणे, निसटून जाणे आणि मदतीसाठी ओरडणे हे स्वसंरक्षणाचे पहिले धडे असून त्यांना कोणताही पट्टा मिळत नाही. म्हणूनच घाईच्या अभ्यासक्रमात ते वगळले जाण्याचा संभव अधिक असतो.

कायदा कोठपर्यंत?

फ्रँचायझीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. असे करार प्रामुख्याने १८७२ च्या करार अधिनियमान्वये होतात आणि नावाचे संरक्षण १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाने होते. या तरतुदी नाव जपतात. त्या नावाखाली काय शिकविले जाते, हे पाहणे त्यांचे काम नव्हे. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये खाजगी शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. पण त्यांच्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य, नाट्य आदी उपक्रम वगळलेले आहेत.

तरीही पालक निराधार नाहीत. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटी व दिशाभूल करणारी जाहिरात यांविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. शाखा किंवा मुख्य संस्था परगावी असली तरी अडचण येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. मात्र त्यासाठी पावती, जाहिरात आणि प्रवेशपत्राची प्रत जपून ठेवणे आवश्यक आहे.

प्रवेशापूर्वी काय पाहावे?

१. प्रत्यक्ष शिकवणारी व्यक्ती कोण, ती स्वतः किती वर्षे व कोणाकडे शिकली, हे विचारावे. फलकावरील छायाचित्र पुष्कळदा मुख्य संस्थेच्या प्रमुखांचे असते.

२. एका शिक्षकामागे किती मुले आहेत, हे वर्ग चालू असताना डोळ्यांनी पाहावे. पालकांना वर्ग पाहू न देणाऱ्या ठिकाणी घाईने प्रवेश घेऊ नये.

३. परीक्षा शाखेचा शिक्षकच घेतो की बाहेरचा परीक्षक, आणि मागील परीक्षेत कोणी अनुत्तीर्ण झाले होते काय, याची चौकशी करावी.

४. मासिक शुल्काव्यतिरिक्त परीक्षा, गणवेश, स्पर्धा व शिबिरे यांचा वर्षाचा एकूण खर्च लेखी मागावा.

५. जमिनीवर गाद्या आहेत काय, प्रथमोपचाराची पेटी आहे काय आणि मुलींच्या वर्गात महिला प्रशिक्षक आहे काय, हे पाहावे.

समग्र शिक्षा योजनेखाली शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण दिले जाते. त्यासाठी प्रशिक्षक निवडताना मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समित्यांनीही हीच कसोटी लावावी. नामांकित संस्थेचे पत्र पाहण्याबरोबरच प्रशिक्षकाचा एक तास प्रत्यक्ष पाहिला, तर निवड चुकण्याची शक्यता पुष्कळ कमी होईल.

नावाचा मक्ता देता-घेता येतो. विद्येचा देता येत नाही. ती एका शरीराकडून दुसऱ्या शरीराकडे, रोजच्या सरावातून आणि शिक्षकाच्या नजरेखालीच जाते. ज्या शाखेत तशी नजर आहे, तेथे फलकावर कोणतेही नाव असले तरी मूल सुरक्षित हाती आहे, असे समजावे. जेथे ती नाही, तेथे सर्वांत मोठे नावही त्या मुलाच्या उपयोगी पडणार नाही.