वाक्याची पंगत

पंगत कशी वाढायची हे आपल्याकडे कोणी पुस्तकातून शिकत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधे भाताची मूद. पहिले पान जसे वाढले, तसेच शेवटचे. एखाद्या उत्साही वाढप्याने चौथ्या पानावर चटणी उजवीकडे वाढली, की कोपऱ्यात बसलेल्या आजीला ती बरोबर दिसते. एरवी तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण हे दिसते.

वाक्य वाचतानाही असेच काहीसे होते. ‘मला वाचन, पोहायला आणि चित्रे काढणे आवडते.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने मी निदान पन्नास वह्यांत वाचले आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी तालुक्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना ‘लेखन’ शिकवायला जातो. मानधन म्हणून चहा मिळतो. तो चांगला असतो.

या वाक्यात अर्थ कळत नाही असे काही नाही. पण तीन छंद तीन तऱ्हांनी बसले आहेत: एक नाम होऊन, दुसरा ‘पोहायला’ असे म्हणत, तिसरा ‘काढणे’ म्हणून. त्यांना एका ओळीत बसवा. ‘मला वाचायला, पोहायला आणि चित्रे काढायला आवडते.’ झाले. इंग्रजी शिकवणारे याला पॅरलल स्ट्रक्चर म्हणतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम स्ट्रंक या प्राध्यापकांनी १९१८ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या छोट्याशा पुस्तकात हा नियम आवर्जून घातला होता. मराठीत ‘समांतर रचना’ म्हणता येईल. पण समांतर म्हटले की मुलांना भूमिती आठवते आणि भूमिती आठवली की चेहरे उतरतात. म्हणून मी पंगत म्हणतो.

खरे तर मुलांना हे येतच असते. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ किंवा ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ या म्हणी म्हणजे पंगतीच आहेत. मी फळ्यावर मुद्दाम मोडकी म्हण लिहितो: ‘मारणाऱ्याचा हात धरता येतो, पण बोलत असलेल्या माणसाला तोंड बंद करायला लावणे शक्य नसते.’ वर्ग हसतो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, वजनच गेलं.” मग तोच उठून दुरुस्त करतो: ‘बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही.’ व्याकरणाच्या तासाला कधी तोंड न उघडणारा हा मुलगा!

मात्र मराठीत एक गोष्ट समजावावी लागते. पंगत म्हणजे एकसारखे कपडे नव्हेत. ‘दाखला आणावा, पासबुक आणावे, प्रत आणावी’ हे वाक्य एका हुशार मुलीने चुकीचे ठरवले होते, कारण शेवट तीन वेगळे. पण तो नुसता लिंगाचा फरक. बैठक तिघांचीही एकच आहे.

हे उदाहरण मी उगीच घेतलेले नाही. १९९०च्या आसपासची गोष्ट. मी एका आडगावच्या शाखेत होतो. खातेदार वारला तर वारसांनी काय आणायचे, याची छापील सूचना हेड ऑफिसकडून आली होती आणि ती काउंटरशेजारी लावलेली होती: ‘मृत्यूचा दाखला, पासबुक व वारसांच्या ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती आणाव्यात.’ बँकेला दाखला आणि पासबुक मूळच हवे होते. प्रती फक्त ओळखपत्रांच्या. पण वाक्याच्या शेवटी ‘प्रती आणाव्यात’ असे आले, की वाचणारा ते मागच्या सगळ्यांना लावतो. एक बाई आल्या. नवरा जाऊन महिना झाला होता. कोणाकडून तरी सूचना वाचून घेतली, तालुक्याला जाऊन राजपत्रित अधिकाऱ्याला गाठले, सगळ्याच्या प्रतींवर सही-शिक्का घेतला आणि मूळ पासबुक सांभाळून घरी ट्रंकेत ठेवले. जाता-येता दोन एसट्या, एका दिवसाची मजुरी. आमच्या क्लार्कने नियमाप्रमाणे त्यांना परत पाठवले. “कागदावर लिवल्यावानी तर आनलंय,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते शंभर टक्के खरे होते.

त्या सूचनेतला प्रत्येक शब्द शुद्ध होता. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक कोणाला काढता आली नसती. शुद्धलेखनावर आपण इतके रक्त आटवतो, आणि कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो हे मात्र कोणी बघत नाही, याची मला गंमत वाटते. कधी कधी रागही येतो.

आता पंगत मोडण्याविषयी. लग्नाच्या पंगतीत सगळे पाटावर बसलेले असले तरी गुडघे दुखणाऱ्या काकांना आपण खुर्ची देतोच. वाक्यातही असे करता येते, फक्त कारण हवे. याचे माझ्या माहितीतले सर्वांत सुंदर उदाहरण मुलांच्या दप्तरातच असते. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका छापलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली ही उद्देशिका म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे. मी मुलांना विचारले, यात नागरिकांना काय काय द्यायचे ठरले आहे? न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता, चारही भराभर आले. मग म्हटले, क्रियापदे शोधा. थोड्या वेळाने कुजबुज सुरू झाली. पहिल्या तीन गोष्टी नागरिकांना मिळवून द्यायच्या आहेत. बंधुतेपाशी वाक्य क्रियापद बदलते: ती वाढवायची आहे, आणि तीही नागरिकांमध्ये. न्याय कोर्टातून मिळवून देता येईल, समानता कायद्याने देता येईल. शेजाऱ्याविषयीची आपुलकी कोणते सरकार वाटणार? ती चौथी म्हणून त्याच ओळीत कोंबली असती तर वाक्य सुटसुटीत झाले असते, पण खोटे झाले असते. वर्ग दोन मिनिटे शांत होता. शनिवारी शेवटच्या तासाला हे सहसा घडत नाही.

पंगत लावायला घेतली की कोण कोणाच्या जातकुळीचा आहे हे तपासावेच लागते, म्हणून मी हे शिकवतो. नीटनेटके दिसणे हा त्यातला वरकड फायदा.

गेल्या वर्षी वर्गाने एसटीच्या डेपो मॅनेजरांना अर्ज लिहायला घेतला. सकाळची आणि संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबत नव्हती. पहिला मसुदा असा: ‘गाडी वेळेवर यावी, विद्यार्थ्यांचे नुकसान, पास असूनही गाडी थांबवत नाहीत व योग्य ती कार्यवाही.’ फळ्यावर तीन रकाने केले: घडते काय, त्याने होते काय, हवे काय. एकेक तुकडा उचलून ज्याच्या त्याच्या रकान्यात ठेवला. ‘हवे काय’ या रकान्यात अखेर एकच ओळ उरली: दोन्ही गाड्या फाट्यावर थांबाव्यात. मुलेच चकित झाली. इतका वेळ आपण दहा गोष्टी मागतो आहोत असे त्यांना वाटत होते.

‘होते काय’ हा रकाना एका मुलीने लिहिला. ‘संध्याकाळची गाडी न थांबल्याने चार किलोमीटर चालावे लागते, घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, आणि वडील म्हणतात कॉलेज बंद.’ लगेच हात वर झाले. “सर, तिसरं बसत नाही. पहिली दोन घडतात, हे कोणीतरी म्हणतंय.” नियमाने बरोबरच होते. ‘शिक्षण बंद होण्याची वेळ येते’ अशी दुरुस्तीही कोणीतरी सुचवली. ती मुलगी उभी राहिली. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे; तिचा तो पास कंपासपेटीत होता, तो तिने बाकावर ठेवला.

“नको सर. ते तसंच राहू द्या. ते असंच म्हणतात.”

मी वर्गाकडे पाहिले. मागच्या बाकावरचा तो म्हणीवाला मुलगा म्हणाला, “सर, खुर्ची द्या त्याला.”

अर्ज तसाच गेला. दिवाळीच्या सुटीनंतर संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबू लागली. सकाळची मात्र अजून सरळ निघून जाते. तिच्यासाठी दुसरा अर्ज लिहिणे चालू आहे, आणि या वेळी मसुदा करणाऱ्यांत भांडण आहे ते पहिल्याच शब्दावरून.