त्याला आमच्यासमोर हजर करा

केरळमधली १९७६ सालची गोष्ट. कोळिकोडजवळच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात राजन नावाचा एक मुलगा शिकत होता. १ मार्चच्या पहाटे पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. वडील टी. व्ही. ईचर वारियर पेशानं प्राध्यापक. मुलाला नेल्याचं कळताच ते शोधाला निघाले. पोलीस ठाणी झाली, तुरुंग झाले, अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवून झाले, राज्याच्या गृहमंत्र्यांची भेटही झाली. मुलगा कुठे आहे, हे मात्र कोणी सांगेना.

एरवी अशा बापाला आपल्या देशात एक वाट मोकळी असते. तो उच्च न्यायालयात जातो आणि म्हणतो, 'माझ्या मुलाला पोलिसांनी नेलं आहे, त्याला इथे हजर करायला सांगा.' या अर्जाला 'हेबियस कॉर्पस' म्हणतात. मूळ शब्द लॅटिन, आणि अर्थ अगदी साधा : 'देह हजर कर.' मराठी कायदेशीर भाषेत याला 'देहोपस्थिती' असा शब्द आहे. इंग्लंडमध्ये याविषयीचा प्रसिद्ध कायदा १६७९ साली झाला. आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये त्याची तरतूद आहे.

या अर्जाची गंमत अशी, की तो कोंडलेल्या माणसानं स्वतःच करायला हवा असं नाही. आई करू शकते, भाऊ करू शकतो, मित्रही करू शकतो. आणि एकदा अर्ज दाखल झाला, की उत्तर द्यायची जबाबदारी सरकारवर येते. माणूस तुमच्याकडे आहे का? असेल तर कोणत्या कायद्यानं? कागद दाखवा. कागद बरोबर नसेल, तर माणूस सोडा. एवढंच. बाकीचे सारे हक्क, म्हणजे बोलण्याचा, लिहिण्याचा, सभा भरवण्याचा, मतदानाचा, या एका हक्काच्या आधारानं उभे असतात. बोललो म्हणून मला उचलून नेता येत असेल आणि कोणी जाब विचारणार नसेल, तर बोलण्याचा हक्क कागदावर असून उपयोग काय? घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी अनुच्छेद ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं होतं, ते याच कारणानं.

मग वारियर तेव्हा न्यायालयात का गेले नाहीत? कारण ती वाट तेव्हा बंद झालेली होती. ती कशी बंद झाली, कोणी बंद केली आणि कोणी उघडी ठेवण्याची धडपड केली, हे समजून घेणं आज पन्नास वर्षांनीही गरजेचं आहे. हुकूमशाही दरवेळी रणगाडे घेऊन येत नाही. पुष्कळदा ती राजपत्रातून, क्रमांक आणि तारीख घालून, कायद्याच्या भाषेत येते.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. २७ जूनला आणखी एक आदेश निघाला : समानतेचा हक्क, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, अटकेपासून संरक्षणाचा हक्क यांच्या अंमलबजावणीसाठी कोणालाही न्यायालयात जाता येणार नाही. पाठोपाठ 'मिसा' या कायद्यात दुरुस्ती झाली आणि माणसाला का कोंडलं, हे त्याला सांगण्याचंही बंधन उरलं नाही. या कायद्याखाली सुमारे ३५ हजार माणसं स्थानबद्ध झाल्याचं पुढे शहा आयोगाच्या अहवालातून समोर आलं. स्थानबद्धता म्हणजे शिक्षा नव्हे बरं का. शिक्षेला आधी खटला लागतो, आरोप लागतो, पुरावा लागतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं.

तरीही लोक न्यायालयात गेले. पत्रकार कुलदीप नय्यर यांना जुलैत अटक झाली. त्यांच्या पत्नीनं दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. निकाल विरोधात जाणार असं दिसताच सरकारनं नय्यर यांना सोडून दिलं. पण न्यायमूर्ती रंगराजन आणि अगरवाल यांनी निकाल दिलाच. पुढे रंगराजन यांची बदली गुवाहाटीला झाली आणि अगरवाल यांना पुन्हा सत्र न्यायाधीश करण्यात आलं.

देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी अशा अर्जांची दखल घेता येते, असं सांगितलं. त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. त्यांचं म्हणणं समजायला सोपं आहे. मूलभूत हक्क तहकूब झाले असतील, ठीक आहे. पण अधिकाऱ्यानं निदान मिसा कायदा तरी पाळला आहे का, एवढं आम्ही तपासू शकतो. सही योग्य अधिकाऱ्याची आहे का? ज्याला पकडायचं होतं तोच माणूस पकडला का? कोणी खासगी वैर तर साधलं नाही ना? सरकारच्या स्वतःच्या कायद्यानं सरकारला बांधलेलं असावं, इतकीच ही अपेक्षा होती.

सरकारला तेवढीही मान्य नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' हे त्या खटल्याचं नाव. पाच न्यायमूर्तींपुढे युक्तिवाद चालू असताना न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं : एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कोणाचा जीवच घेतला, तर तेव्हाही न्यायालयाचं दार बंदच का? सरकारचा युक्तिवाद खरा मानला, तर आणीबाणी असेपर्यंत दाद मागता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश ए. एन. राय, न्यायमूर्ती एम. एच. बेग, वाय. व्ही. चंद्रचूड आणि पी. एन. भगवती या चौघांनी सरकारची बाजू मान्य केली. हे काही कायदा न कळणारे लोक नव्हते. चंद्रचूड तर आपल्या महाराष्ट्राचे, नाणावलेले विधिज्ञ. बेग यांनी निकालपत्रात लिहिलं, की सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेनं काळजी घेत आहे. हे वाक्य लिहिलं जात होतं तेव्हा राजनला पोलिसांनी नेऊन आठ आठवडे होत आले होते.

एकट्या खन्नांनी वेगळा निकाल लिहिला. जीविताचा हक्क घटनेनं बहाल केला म्हणून माणसाला मिळाला, असं नाही. घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचा जीव घेता येत नव्हता. मग घटनेतलं एक कलम तहकूब झालं म्हणून तो हक्क नाहीसा कसा होईल? असा त्यांचा प्रश्न होता. या निकालामुळे आपलं सरन्यायाधीशपद जाणार, हे त्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. खन्नांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे मुंबईतही अशी ठाम माणसं होती. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर वकिलांची एक सभा व्हायची होती. माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला त्यात भाग घेणार होते. पोलिसांनी सभेला मनाई केली. एन. पी. नाथवानी उच्च न्यायालयात गेले आणि मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी ती मनाई रद्द ठरवली. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरनं कापला, तेव्हा ते भांडले आणि १९७६ मध्ये उच्च न्यायालयात जिंकले. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाश नारायणांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करायचं आवाहन केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

या सगळ्यांत एक समान धागा दिसतो. यांतल्या कोणी शस्त्र उचललं नाही. न्यायाधीशानं निकाल लिहिला, वकिलानं अर्ज केला, संपादकानं अंक काढला, लेखिका बोलली. जे आपलं रोजचं काम, तेच त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं केलं. मात्र त्या दिवसांत तेवढ्यासाठीही किंमत मोजावी लागत होती.

निवडणुका झाल्या, सत्ताबदल झाला, मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. वारियर लगेच केरळ उच्च न्यायालयात गेले आणि वर्षभर जो अर्ज करता येत नव्हता तो त्यांनी केला. न्यायालयानं आदेश दिला : राजनला आमच्यासमोर हजर करा. तेव्हा सरकारला लिहून द्यावं लागलं, की तो हयात नाही. कक्कयमच्या पोलीस छावणीत त्याचा मृत्यू झाला होता, आणि तोही अटकेनंतर दुसऱ्याच दिवशी, २ मार्च १९७६ ला. तत्कालीन गृहमंत्री के. करुणाकरन दरम्यान मुख्यमंत्री झाले होते, त्यांना महिन्याभरात पद सोडावं लागलं. राजनचा मृतदेह कधीच मिळाला नाही. वडील २००६ मध्ये वारले, तोपर्यंत ते तो प्रश्न विचारतच होते.

अर्ज वेळेवर करता आला असता तरी राजन वाचला असता का? कदाचित नाही. पण 'उद्या न्यायालय विचारील' ही धास्ती पोलीस छावणीतल्या माणसाच्या मनात असती, तर हात तितका सैल सुटला असता का, हा खरा प्रश्न आहे. हेबियस कॉर्पसचं मोठं काम न्यायालयात होतच नाही. ते पोलीस ठाण्यात होतं, न दिसता होतं.

यातून देश शिकला का? काही प्रमाणात शिकला. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं तीन गोष्टी पक्क्या केल्या. 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण जाऊन 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. मंत्रिमंडळाच्या लेखी शिफारशीशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येत नाही. आणि आणीबाणीतसुद्धा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयाचं दार बंद करता येत नाही. १९७६ चा निकाल मात्र पुस्तकात तसाच राहिला होता. न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ मध्ये तो चुकला असं जाहीरपणे कबूल केलं. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो निकाल मोडीत काढला. त्यातलं मुख्य निकालपत्र लिहिलं होतं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे १९७६ च्या निकालातल्या चंद्रचूडांच्या चिरंजीवांनी. वडिलांसह चौघांच्या निकालात गंभीर दोष होता, असं मुलानं लिहिलं. न्यायसंस्थेला आपली चूक सुधारायला ४१ वर्षं लागली, पण तिनं ती सुधारली.

काही गोष्टी अपुऱ्याही राहिल्या. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवर अधिक कडक मर्यादा घालणारी एक तरतूद त्याच ४४व्या दुरुस्तीत संसदेनं मंजूर केली होती. ती अमलात आणण्याची तारीख आजवर एकाही सरकारनं जाहीर केलेली नाही. मिसा गेला, पण १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. सत्तेवर पक्ष कोणताही असो, खटल्याशिवाय कोंडण्याची सोय सोडून द्यायला कोणी उत्सुक नसतं. म्हणून हा विषय एका पक्षाचा किंवा एका काळाचा नाही.

तो एका देशाचाही नाही. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक-योल यांनी अचानक लष्करी कायदा पुकारला. सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले. पण १९० खासदार, काही तर कुंपणावरून उड्या मारून, सभागृहात पोहोचले आणि सगळ्यांनी तो हुकूम रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं. सुमारे सहा तासांत हुकूम मागे घ्यावा लागला. ४ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या घटना न्यायालयानं युन यांना पदावरून दूर केलं. आपल्याकडे २१ महिने लागले, तिथे सहा तास पुरले. कारण पहिल्याच रात्री खासदार आपल्या जागी हजर होते.

आता आपल्यापुरतं. अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. हे घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत, पण त्या आदेशालाही उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. नेलेल्या माणसाच्या घरी कळवायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात बजावलं आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुक्याच्या ठिकाणी विधी सेवा समिती असते. हे आपल्याला ठाऊक असावं, घरातल्या मुलांना ठाऊक असावं. आणि शेजारच्या घरातल्या कोणाला असं नेलं, तर तो माणूस आपल्याला आवडतो की नाही, त्याची मतं पटतात की नाही, हे बाजूला ठेवून एवढंच विचारावं, 'त्याला कुठे नेलं आणि कोणत्या कायद्यानं?' हे विचारायला वारियर यांना वर्षभर थांबावं लागलं. आपल्याला आज थांबावं लागत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)