टक्केवारीचा दाखला

घरातल्या पेटीत जपून ठेवलेल्या कागदांना आपापले आयुष्य असते. शेताची पहाणी, शाळा सोडल्याचा दाखला, घराचे खरेदीखत हे कागद पिवळे पडतात, घड्यांवर फाटतात, परंतु त्यांचा अंमल संपत नाही. अलीकडे मात्र पुष्कळ घरांत एक असा कागद आला आहे की, ज्याची मुदत त्याच्या पोटातच लिहिलेली असते. तो म्हणजे अपंगत्वाचा, आजच्या शासकीय भाषेत दिव्यांगत्वाचा, दाखला. तो मिळेपर्यंत घरची माणसे हेलपाटे घालतात, आणि मिळाला की पेटीत ठेवून निश्चिंत होतात. पुढे कधीतरी महिन्याचे वेतन जमा होत नाही. चौकशी केल्यावर कळते की दाखल्याची मुदत केव्हाच संपली आहे. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. ही पुनर्तपासणी कशी असते आणि तिला कोणत्या तयारीने सामोरे जावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आणि त्यासाठी सीमाभागातले एक गाव डोळ्यांपुढे ठेवणार आहोत.

ते गाव म्हणजे दुबलगुंडी. बीदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यातले हे गाव. ज्या हुमनाबादवरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, त्याच्या लगतच माणिकनगर आहे. माणिकप्रभूंच्या (१८१७-१८६५) त्या स्थानी मराठी, कानडी आणि उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे या भागातल्या मराठी घरांत आजोबांचे कागद उर्दूत, वडिलांचा शाळेचा दाखला मराठीत आणि नातवाचा कानडीत, असा प्रकार नवलाचा नाही. अपंगत्वाच्या अर्जात नेमके हेच कागद एकमेकांशी ताडून पाहिले जातात.

प्रथम कायद्याचे रूप पाहू. १९९५ चा पहिला अपंग व्यक्ती कायदा १९९६ मध्ये अमलात आला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे धरली होती. त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात एकवीस प्रकार आले. अंधत्व, बहिरेपण व अवयवांची विकलता यांच्या जोडीला स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, पार्किन्सन यांसारख्या व्याधींचीही दखल घेतली गेली. बहुतेक सवलतींसाठी अपंगत्व निदान ४० टक्के असावे लागते. स्थितीत पालट होण्याचा संभव नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कायमचा दाखला द्यावा. संभव असेल, तर मुदत घालून द्यावा, असा नियम आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत वयाच्या ५, १० आणि १८ व्या वर्षी दाखला नवा करावा लागतो. अठराव्या वर्षी मिळालेला जन्मभर चालतो.

कर्नाटकात ४० ते ७५ टक्के अपंगत्व असणाऱ्यांचे मासिक वेतन २०२१ मध्ये ६०० रुपयांवरून ८०० रुपये करण्यात आले. त्याहून अधिक टक्केवारीला अधिक रक्कम मिळते. केंद्राची इंदिरा गांधी योजना २००९ पासून चालू असून तिला ८० टक्क्यांची आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाची अट आहे. शहरातल्या वाचकाला या रकमा क्षुल्लक वाटतील. परंतु मजुरीवर चालणाऱ्या घरात फेफऱ्याच्या गोळ्या त्यांतूनच येतात. शिवाय दाखल्याची मुदत सरली की वेतनाबरोबर बसचा पास, रेल्वेची सवलत, शाळेची शिष्यवृत्ती यांचाही आधार डळमळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, दुबलगुंडीसारख्या गावात सतरा वर्षे पूर्ण झालेली एक मुलगी आहे आणि तिची बुद्धी वयाच्या मानाने वाढलेली नाही. अठरावे लागताच आई तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बीदरला, जाते. तेथे विचारतात, “मुलगी हाताने जेवते का?” आई म्हणते, “जेवते की.” “कपडे घालते?” “घालते.” “घरात काही काम करते?” “करते हो, लई शहाणी आहे माझी लेक.” यांतले एकही उत्तर खोटे नाही. मात्र ताट आई वाढते, घास कालवून देते आणि शेवटचा घास होईपर्यंत शेजारी बसून राहते. कपडे आई सुलटे करून हातात देते. आणि काम म्हणजे आईच्या मागोमाग केरसुणी फिरवणे, हे सारे त्या ‘हो’च्या आड राहून जाते. वर्षानुवर्षे केलेली मदत आईला मदत वाटेनाशी झालेली असते. शिवाय परक्या माणसापुढे आपल्या लेकराचे उणे सांगू नये, हे आपल्या घरांतले वळण फार जुने आहे.

हे वळण कितीही गोड असले, तरी तपासणीच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. बौद्धिक अक्षमतेच्या मापनात बुद्ध्यंकाच्या जोडीला व्हाइनलँड ही सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी दीर्घकाळ वापरात आहे. तिचे भारतीय रूप नागपूर येथे डॉ. मॅलिन यांनी सिद्ध केले. जेवणे, कपडे घालणे, हिंडणे-फिरणे, बोलणे, लोकांत मिसळणे, काम करणे अशा रोजच्या गोष्टी त्या मोजपट्टीत येतात, आणि त्यांची माहिती बव्हंशी आईकडून किंवा सांभाळणाऱ्याकडूनच घेतली जाते. मानसिक आजाराच्या बाबतीतही स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संभाषण व समज, आणि कामधंदा या चार बाबींना गुण देतात, आणि आजार किती काळ आहे तेही मोजतात. सांगणाराने ‘सगळे बरे आहे’ म्हटले, की कागदावरही सगळे बरेच उमटते.

यावर आमची सूचना साधी आहे. तपासणीच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस एका वहीत रोजचा दिवस लिहून ठेवावा. सकाळी उठवण्यापासून रात्री झोपवण्यापर्यंत कोणत्या कामाला कोणाचा हात लागला, किती वेळ लागला, किती वेळा सांगावे लागले. फिट आली असेल तर केव्हा आणि किती वेळ. रात्री कोण जागले. घरातले कोण मजुरीला जाऊ शकले नाही. चांगला दिवस असेल तर तोही तसाच लिहावा. ‘जेवते’ असे न लिहिता ‘कालवून दिले, शेजारी बसले, तर अर्ध्या तासात जेवते’ असे लिहावे. आई लिहिणारी नसेल, तर शाळेत जाणाऱ्या भावंडाने लिहावे. ही वही कोणी मागत नाही. पण जिच्या घरी ती लिहिली गेली, ती आई डॉक्टरांपुढे गोंधळत नाही.

याच्या उलट टोकाला जाणारेही असतात. चालता येत असताना मुलाला उचलून नेण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक बाजारात भेटतात. त्यांचे ऐकू नये. अपंगांसाठी असलेला लाभ लबाडीने घेणाऱ्यास, किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यास, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. आणि खऱ्या गरजवंताकडे संशयाने पाहिले जाते, ते अशाच लबाडीमुळे.

भाषेची अडचण खरी आहे, परंतु भीती वाटते तितकी मोठी नाही. कानडी अर्जातले शब्द कोणी मोठ्याने वाचून दाखविले, तर त्यांतले कितीतरी आपल्या ओळखीचे निघतात. अर्जी, सही, दाखले, तालूकु, जिल्ले हे तर घरचेच. ‘तात्कालिक’ आणि ‘शाश्वत’ हे दोन शब्द तर नीट पाहावेत, कारण दाखला मुदतीचा की कायमचा हे त्यांवरूनच कळते. ‘नवीकरण’ म्हणजे मुदत वाढवून घेणे. ‘विळास’ पाहून मात्र कोणी फसू नये. तेथे पत्ता लिहायचा असतो. ‘मासाशन’ म्हणजे महिन्याचे वेतन, आणि ‘विकलचेतन’ म्हणजे ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो.

नाडकचेरीत अर्ज देण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. कर्नाटकात पंचायतींच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते नेमण्याची पद्धत आहे, आणि ते बहुधा स्वतःच अपंग असतात. अर्जाची वाट त्यांनी स्वतः चाललेली असल्याने त्यांचे मार्गदर्शन मोलाचे ठरते. अन्याय झाला आणि गाऱ्हाणे मांडायचे असेल, तर राज्यघटनेचा ३५० वा अनुच्छेद ध्यानात ठेवावा. केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देण्याचा अधिकार त्याने प्रत्येकाला दिला आहे. मराठीत लिहिलेल्या निवेदनासोबत शेजारच्या कानडी मित्राकडून करून घेतलेले भाषांतर जोडले, तर काम लवकर होते, हा व्यवहारही विसरू नये.

नावांचा घोळ आधीच निस्तरावा. एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय आणि तिसऱ्यावर नुसते दत्तू असेल, तर माणूस एक असूनही यंत्राला तिघे दिसतात. आधारपत्र, बँकेचे पुस्तक, शिधापत्रिका आणि जुना दाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडावे. जुन्या दाखल्याच्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या दोन दोन प्रती काढाव्यात; मूळ कागद कोणाच्याही हाती देऊन येऊ नये. अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

टक्केवारी ४० च्या खाली आली, तर रडत परत येऊ नये. लेखी कारण दिल्याविना दाखला नाकारता येत नाही, आणि निर्णयाविरुद्ध राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर अपील होत नाही.

आमचे वाचक बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत. दाखल्याचा कायदा केंद्राचा असून तो दाखला देशभर ग्राह्य आहे. वेतनाची रक्कम आणि अटी मात्र प्रत्येक राज्याच्या निराळ्या. महाराष्ट्रातल्या नातलगाला १९८० पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार योजनेतून काय मिळते, यावरून आपल्या राज्याचा हिशेब मांडू नये. आणखी एक गोष्ट अठरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या मुलांच्या आईबापांसाठी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याची समिती कायदेशीर पालक नेमू शकते. आपण आहोत तोवर ठीक, आपल्या पश्चात सही कोण करील, हा प्रश्न त्या अर्जाने सुटतो. वेतनापेक्षाही तो मोठा आहे, आणि बहुतेक घरांत तो बोलला जात नाही.

तूर्त एवढेच करावे. ज्यांच्या घरी असा दाखला आहे, त्यांनी त्यावरची मुदत पाहून दिनदर्शिकेत मांडून ठेवावी, आणि तिच्या तीन महिने आधी वही उघडावी.